कोरड्या हवेची शिफारस

कलकत्त्याच्या हवेला नावं ठेवणाऱ्या माणसांची मला चीड आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा जन्म भवानीपूरचा. आजोबा रेल्वेच्या नोकरीत आले ते इथेच राहिले, वडील इथेच डॉक्टर झाले आणि मी इथल्याच एका मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दर दोन-तीन वर्षांनी बदलीवर येणारी आपली मराठी मंडळी ट्रंका उघडायच्या आधी नाक मुरडतात. ‘काय बाई ही दमट हवा! मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, चपलांना बुरशी येते. आमच्याकडे नाही हो असं.’ मग जा की आपल्याकडे! मी हे मनात म्हणते, कधीकधी तोंडावरही म्हणते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळात मला फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे. पण या एका सवयीपायी एका भल्या माणसाचं मातेरं झालेलं मी पाहिलं आहे, आणि तो माणूस आमच्या शेजारी राहत होता.

त्याचं नाव दिगंबर टेंभेकर. मूळचा वऱ्हाडातला. लढाईच्या काळात बराकपूरच्या छावणीत वायरलेस दुरुस्त करायला आला. लढाई संपली तशी नोकरीही संपली. इंटर नापास, त्यामुळे कुठे दाद लागेना. शेवटी एकोणीसशे एकोणपन्नासच्या जानेवारीत बराकपूरलाच, नदीकाठच्या एका संशोधन केंद्रात निरीक्षक म्हणून तात्पुरता लागला. ‘तात्पुरता’ हा शब्द त्याच्या नेमणुकीच्या कागदावर होता आणि दहा वर्षं तसाच राहिला.

केंद्र म्हणजे काय, तर लष्कराने सोडलेली पत्र्याची एक बराक, तिच्यावर दोन उंच खांब, त्यांना ताणलेल्या तारा आणि आत कपाटाएवढं एक यंत्र. तिथून रेडिओच्या लहरी सरळ वर सोडायच्या. आपली हवा जिथे संपत येते तिथे विजेने भारलेला एक थर असतो म्हणे. त्यावर आपटून लहरी परत येतात. किती वेळात आल्या ते मोजायचं, म्हणजे थर किती उंचीवर आहे ते कळतं. हे दर तासाला करायचं, रोज करायचं, वर्षानुवर्षं करायचं. मंडळातली माणसं हसायची. ‘काय टेंभेकर, आज आकाशाला किती दगड मारले?’ दिगंबरराव स्वतःही हसायचे. शकुनला मात्र, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते फार लागायचं.

मला एकदा त्यांनी समजावून सांगितलं होतं. मी गणिताची, म्हणून माझ्याशी ते या विषयावर बोलायचे. ‘सरलाबाई, सूर्यावर डाग येतात, वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. एक फेरा अकरा वर्षांचा. वरचा थर त्याप्रमाणे वरखाली होतो. अकरा वर्षांची सलग नोंद हवी, खंड न पडता. दहा वर्षांची नोंद म्हणजे एक बाजू नसलेला त्रिकोण.’

खंड पडू न देणं, हे त्या माणसाचं आयुष्य होतं. आणि खंड पाडायला टपलेली होती ती हीच कलकत्त्याची हवा. पावसाळ्यात यंत्राच्या आत ओल शिरायची, वीज भलतीकडे पाझरायची, काटा वेड्यासारखा नाचायचा. पहिल्या पावसाळ्यात तीन आठवड्यांची निरीक्षणं वाया गेली. साहेबांनी वर पत्रं लिहिली, वरून उत्तर आलं नाही. दिगंबररावांनी बाजारातून कळीचा चुना आणला. न विरवलेला चुना ओल शोषून घेतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला लागत नाही. मातीच्या पणत्यांत चुना भरून त्या यंत्राच्या प्रत्येक कप्प्यात ठेवायच्या, खाली एक बल्ब सतत जळत ठेवायचा, दाराच्या फटींना मेणकापड लावायचं. चुना भुसभुशीत झाला की पणत्या बदलायच्या. दिवसाला दोनदा. पावसाळ्यात तीनदा. त्यांचा जोडीदार हरिपद रात्रपाळीला असायचा, त्यालाही त्यांनी ही शिस्त लावली. हरिपद तर पणत्यांना हात लावण्याआधी नमस्कार करायचा.

दुसऱ्या पावसाळ्यापासून एकही नोंद चुकली नाही. चुन्याने दिगंबररावांच्या बोटांची कातडी सोलून निघायची, शकुन संध्याकाळी खोबरेल लावून द्यायची. ‘लोकांचे नवरे कचेरीतून येतात, माझा भिंती रंगवून येतो,’ असं ती म्हणायची, पण तेल लावताना तिचा हात हलका असायचा.

मग सत्तावन्न साल उजाडलं आणि सगळं पालटलं. जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून भूभौतिक वर्ष पाळायचं ठरवलं. म्हणायला वर्ष, होतं दीड वर्षाचं. सरकारने आमच्या या पत्र्याच्या बराकीचाही त्यात समावेश केला, तेवढ्या काळापुरता खर्च उचलला. आणि ऑक्टोबरात रशियाने तो चेंडूसारखा उपग्रह आकाशात फिरवला. केंद्रातल्या रिसीव्हरवर दिगंबररावांनी त्याचा आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी मंडळात त्यांच्याभोवती ही गर्दी! कालपर्यंत दगड मारणारा म्हणत होते, तेच आता ‘आमचे टेंभेकर’ म्हणायला लागले. दिगंबरराव तोंडाने बीप बीप करून दाखवत होते आणि लाजत होते. मला तेव्हा आनंद झाला होता, खोटं का सांगू.

पण ते दीड वर्ष अठ्ठावन्नच्या डिसेंबरात संपणार होतं. ज्या संस्थेचं केंद्र होतं तिने आधीच हात वर केले होते. सरकारने पुढे मदत दिली तर केंद्र राहील, नाहीतर एकतीस डिसेंबरला कुलूप. आणि दिगंबररावांची अकरा वर्षं पुरी होणार होती एकोणसाठच्या डिसेंबरात. बरोबर एक वर्ष कमी पडत होतं. त्यांना रात्ररात्र झोप लागेना. ‘मला पुढे नोकरी नाही दिली तरी चालेल,’ ते म्हणायचे, ‘एवढं एक वर्ष देवाने द्यावं.’

देवाने नाही, पण दिल्लीने द्यायचं होतं. असल्या संशोधनाला कायमची मदत द्यावी का, कुठल्या केंद्रांना द्यावी, यावर हिवाळी अधिवेशनात चर्चा होणार होती. खासदारांची एक समिती त्याआधी आपलं मत कळवणार होती. आणि आमच्या मंडळाचे चिटणीस श्रीकांत मोघे वर्तमानपत्र फडकवत आले. समितीत मनोहरराव डहाणे होते. वऱ्हाडातले खासदार!

‘आता काळजीच नको,’ श्रीकांत म्हणाले. ‘आपला माणूस. शंभर टक्के पाठिंबा देणार.’

‘का देणार?’ मी विचारलं. ‘त्यांना तो थर कुठे असतो ते तरी माहीत आहे का?’

‘सरलाबाई, तुम्ही म्हणजे कमालच करता. आपला माणूस आपल्या माणसाच्या पाठीशी उभा राहणार नाही तर काय?’

महिनाभर मंडळात दुसरा विषय नव्हता. डहाणे बोलतील का? बोलले तर किती जोरात बोलतील? त्यांनी पूर्वी कापसावर भाषण केलं होतं, कालव्यावर केलं होतं. विज्ञानावर केलं होतं का? कोणाच्या तरी मेव्हण्याने नागपूरहून कळवलं, की डहाणे रशियाच्या चेंडूने भारावले आहेत, जाहीर सभेत म्हणाले की भारतानेही मागे राहता कामा नये. झालं! पाठिंबा पक्का धरून श्रीकांतनी त्यांना गणपतीत पाहुणे म्हणून बोलावलं. ते आलेही. बेत असा, की रविवारी दुपारी मंडळात जेवण, मग मोटारीने बराकपूर, यंत्र पाहणं, आणि रात्री हावड्याहून दिल्लीची गाडी.

दिगंबररावांनी आठ दिवस बराक घासली. रविवारी त्यांनी सकाळच्या नोंदी घेतल्या, बारानंतरच्या हरिपदवर सोपवल्या, आणि कडक इस्त्रीचा कोट घालून लोकलने शियालदहला उतरून मंडळात आले. हरिपद तिकडे शिउलीच्या, म्हणजे आपल्या प्राजक्ताच्या, फुलांचा हार करून खासदारांची वाट पाहत बसला होता.

डहाणे माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. साधा होता, लांब पांढरी मिशी, खिशात एक डायरी. जेवायला बसले तर त्यांच्या पानात गोळाभात, बेसनाचे गोळे घातलेला वऱ्हाडी भात! शकुनने पहाटे उठून खास त्यांच्यासाठी केला होता, वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी. पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘बाई, माझ्या आईची आठवण करून दिलीत,’ म्हणाले. शकुन पदराने तोंड झाकून आत पळाली. शेजारच्या पाटावर दिगंबरराव होते. त्यांच्याही पानात तोच भात. आणि मी कढी वाढत होते, म्हणून पुढचा शब्द न् शब्द मी ऐकला.

‘सांगा टेंभेकर,’ डहाणे म्हणाले, ‘तुमच्या कामात अडचणी काय आहेत? मोकळेपणी बोला. मला ऐकीव नको, काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून हवं.’

दिगंबररावांना त्यांच्या आयुष्यात हे कोणी विचारलं नव्हतं. साहेबाने नाही, संस्थेने नाही. ते आधी पाणी प्यायले.

‘अडचण एकच साहेब. इथली ओल. ही ओल म्हणजे शत्रू. यंत्राला धरते, काट्याला धरते. पहिल्या वर्षी तीन आठवडे वाया गेले. पण आम्ही मग चुन्याच्या पणत्या...’

‘आपल्याकडे अशी ओल नाही,’ डहाणे भात कालवत म्हणाले.

‘छे! आपल्याकडची हवा म्हणजे काय सांगावं!’ दिगंबररावांचा चेहरा असा उजळला, की मी कढीचा डाव हातात धरून पाहतच राहिले. ‘आमच्या गावाबाहेर माळ आहे साहेब, आठ महिने थेंब नाही. आकाश असं लख्ख! तिथे हेच यंत्र ठेवलं असतं ना, तर वर्षानुवर्षं हात लावायला नको. इथे आम्ही जे मरमर करून मिळवतो ते तिथे बसल्या जागी मिळालं असतं. मी तर कितीदा हिला म्हणतो, की हे केंद्र आपल्याकडे असायला हवं होतं.’

पंगतीत सगळ्यांनी माना डोलावल्या. हो ना, आपल्याकडची हवा! मग काय, पापड, मीठ, चपलांची बुरशी, सगळं निघालं. डहाण्यांनी डाव्या हाताने डायरी काढली, जवळच्या माणसाला दिली आणि दोन ओळी लिहून घ्यायला सांगितल्या.

मला तेव्हाच खटकलं. मी बोलायला हवं होतं. ‘दिगंबरराव, पणत्यांचं पुरं सांगा, पुढे नऊ वर्षं एक नोंद चुकली नाही ते सांगा,’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मला म्हणवेना. जन्मभर माझं तोंड नको तिथे चाललं आणि त्या दुपारी नेमकं मिटलं. मी कढी वाढून पुढे गेले.

जेवण लांबलं. मग सत्कार, मग श्रीकांतचं भाषण, मग डहाण्यांचं. विज्ञानाच्या प्रत्येक रुपयाला मी हात वर करीन, म्हणाले. टाळ्या काय, शिट्ट्या काय. साडेचार वाजले. बराकपूरला जाऊन परत हावड्याची गाडी गाठणं जमेना. ‘पाहण्याची गरज काय?’ डहाणे दिगंबररावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुम्ही सांगितलंत, मला सगळं कळलं.’ दिगंबररावांना ते स्तुतीसारखं वाटलं. हरिपदचा हार दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः यंत्राला घातला.

आता पुढचं पटकन सांगते, कारण मला अजून संताप येतो. डिसेंबरात चर्चा झाली. डहाणे बोलले, जोरात बोलले. मदत मंजूर झाली, कायमची झाली. मंडळात पेढे वाटले. आमचा अंदाज चुकला नव्हता, शंभर टक्के पाठिंबा होता. चार दिवसांनी दिगंबररावांच्या नावाने दिल्लीहून जाड पाकीट आलं. ते माझ्याकडे घेऊन आले, इंग्रजी भाषण नीट समजावून घ्यायला. शकुनही मागोमाग आली, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, तोंड गोड करायला.

मी मोठ्याने वाचायला लागले. सुरुवात छान होती. भारताने आकाशाकडे पाहिलं पाहिजे, वगैरे. मग तो परिच्छेद आला. खासदार म्हणत होते, की मदत द्यावीच, पण योग्य जागी द्यावी. कलकत्त्याच्या ओलसर हवेत हे काम म्हणजे देशाच्या साधनांची नासाडी आहे. हे मी म्हणत नाही, तिथे दहा वर्षं राबणाऱ्या एका प्रामाणिक निरीक्षकाने मला स्वतः सांगितलं. नोंदी वाया जातात. त्याचंही मत असंच, की केंद्र आमच्या भागातल्या कोरड्या माळावर असावं. तरी बराकपूरचं केंद्र बंद करून...

मी थांबले.

‘वाचा,’ दिगंबरराव म्हणाले.

‘वाचण्यासारखं काही नाही पुढे.’

‘सरलाबाई, वाचा.’

मी वाचलं. बराकपूरचं केंद्र बंद करून यंत्र तिकडे हलवावं. सभागृहाने ते मान्य केलं होतं. सोबत मराठीत दोन ओळींची चिठ्ठी होती, डहाण्यांच्या स्वतःच्या अक्षरात. आपण दिलेल्या माहितीचा फार उपयोग झाला. आपलं स्वप्न पुरं केलं, याचं समाधान वाटतं.

शकुनला इंग्रजी येत नव्हतं, पण चिठ्ठी मराठी होती. ‘म्हणजे आपण गावाकडे जायचं?’ तिने विचारलं. बिचारीचा चेहरा क्षणभर फुलला. दिगंबररावांनी नकारार्थी मान हलवली. नव्या केंद्राच्या जागांसाठी पदवी हवी होती, ते भाषणाच्या मागच्या पानावर छापलं होतं. मी तिला ते सांगितलं. तिने डबा उघडलाच नाही, तसाच घेऊन गेली.

त्यांनी डहाण्यांना पत्र लिहिलं. मीच इंग्रजी करून दिलं, सही त्यांची. ओल खरी, पण आम्ही ती जिंकली आहे, तीन आठवडे सोडले तर दहा वर्षांत एक नोंद चुकलेली नाही, फक्त एक वर्ष यंत्र इथेच असू द्या. उत्तर लगेच आलं, अगदी आपुलकीचं. आपण विनयाने आता मागे घेत आहात, पण खरं ते आपण पंगतीत मोकळेपणी बोललात. ते पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. माणसाला स्वतःच्याच तोंडून खोटं पाडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

एकतीस डिसेंबरला मी शाळेतून रजा काढून बराकपूरला गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. चार वाजताची नोंद शेवटची होती. दिगंबररावांनी काटा पाहिला, आकडा लिहिला, खाली तारीख घातली. हरिपद दाराशी उभा राहून उघड उघड रडत होता. मग दोघांनी मिळून कप्प्यातल्या पणत्या काढल्या, चुना नदीकाठच्या मातीत ओतला. बल्ब मात्र दिगंबररावांनी विझवला नाही. ‘यंत्र न्यायला पंधरा दिवस लागतील,’ ते म्हणाले, ‘तोवर ओल नको लागायला.’ मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, की मी तोंड फिरवलं. आणि रडले.

ते यंत्र त्या माळावर गेलं. तिथे ते म्हणे दोन वर्षं खोक्यातच होतं, कारण विजेची तार पोचायची होती. हे मी वर्तमानपत्रात वाचलं नाही, डहाण्यांच्याच माणसाने श्रीकांतला हसत हसत सांगितलं. ओल मात्र लागली नाही, एवढं खरं. दहा वर्षांच्या नोंदी एका गोदामात गेल्या, पुढे त्या कोणी मागितल्या नाहीत. दिगंबरराव हावड्याच्या एका कारखान्यात वजनकाटे दुरुस्त करायला लागले.

पुढच्या गणपतीत आम्ही पुन्हा पंगतीला बसलो होतो. डहाण्यांची शुभेच्छांची तार वाचून झाली, टाळ्याही झाल्या. दिगंबररावांनीही वाजवल्या. नुकत्याच बदलून आलेल्या एका बँकेतल्या साहेबांची बायको, सुहासिनी की काय, पापड मोडून म्हणाली, ‘बघा ना, वातड झाला! काय ही दमट हवा. आमच्याकडे नाही हो असं.’ लगेच चार जणांनी री ओढली.

दिगंबरराव तिच्या समोर बसले होते. जेवण थांबवून ते अगदी अदबीने म्हणाले, ‘वहिनी, जरा हळू बोला. कोणीतरी लिहून घेईल.’

पंगत खदखदून हसली. श्रीकांत तर सगळ्यांत जास्त हसले. मी शकुनकडे पाहिलं. ती मान खाली घालून भाताचा घास कालवत होती, आणि कालवतच राहिली.